स्तनचित्रणाची कुळकथा

स्तनातील कर्करोगाची गाठ हाताला लागण्यापूर्वीच हेरणारे जे क्षकिरणचित्रण आज मॅमोग्राफी या नावाने सर्वतोमुखी आहे, त्याचे कुळ यंत्राच्या कारखान्यात शोधू नये. ते बर्लिनच्या आल्बेर्ट सालोमोन या शस्त्रवैद्याच्या चिकाटीत आहे. शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे ३००० स्तनांची क्षकिरणचित्रे घ्यावीत आणि चित्रात दिसलेली छाया प्रत्यक्ष अर्बुदाशी व सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींशी ताडून पाहावी, असा उद्योग त्याने मांडला व १९१३ साली तो प्रसिद्ध केला. रोग भोवतालच्या ऊतींत कसा शिरतो आणि काखेतील ग्रंथींकडे कसा सरकतो, हे त्या चित्रांतून प्रकट झाले. चुन्याचे सूक्ष्म कणही त्यांत उमटले होते, परंतु त्यांचे मर्म तेव्हा उकलले नाही.

पुढे नाझी अमलात यहुदी म्हणून या विद्वानाचा अध्यापनाचा हुद्दा गेला, १९३८ साली त्याला साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत कैद भोगावी लागली, आणि हॉलंडात आश्रय घेऊन तो वाचला तरी त्याची चित्रकार कन्या शार्लोट १९४३ साली आउश्वित्झमध्ये मारली गेली. ज्याच्या कामावर पुढची इमारत उभी राहिली, त्याच्याविषयी वैद्यकाच्या ग्रंथांनी इतके थोडके लिहावे, याचा मला मनस्वी खेद वाटतो.

मेद, ग्रंथी आणि अर्बुद हे तिन्ही क्षकिरणांना जवळजवळ सारखाच अडथळा करीत असल्यामुळे प्रखर किरणांत त्यांचा भेद लोपतो, ही खरी अडचण होती. स्तन दाबून सपाट केल्यास चित्र स्वच्छ येते हे उरुग्वेच्या राऊल लेबोर्न्य यांनी दाखविले, आणि त्या चुन्याच्या कणांचे महत्त्वही त्यांनीच ओळखले; ह्यूस्टनच्या रॉबर्ट ईगन यांनी १९६० च्या सुमारास मंद किरणांची अशी रीत बसवली, की ती कोणत्याही रुग्णालयात गिरवता यावी; स्ट्रासबुर्गच्या शार्ल ग्रो यांनी मॉलिब्डेनमची नळी योजून खास स्तनासाठीच यंत्र घडविले.

तरीही चित्र स्पष्ट येणे निराळे आणि त्याने प्राण वाचणे निराळे. याची खातरजमा करण्यासाठी न्यूयॉर्कमध्ये १९६३ पासून सुमारे ६२,००० स्त्रियांची जी चाचणी झाली, तीत क्षकिरणचित्र आणि हाताने तपासणी अशी दोन्ही एकत्र होती; त्यामुळे लाभात कशाचा वाटा किती, हे तीवरून वेगळे कळेना. त्यांतील हाताच्या तपासणीचा वाटा मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाच्या वैद्यांनी १९९८ पासून झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये पारखला; प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांतील स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले, पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र तसा लाभ आढळला नाही.