वरून येणारं पाणी कोण तपासतं?

लिनक्समधलं पॅकेज म्हणजे काय, हे मी नेहमी कालव्याच्या भाषेत सांगतो. मूळ सॉफ्टवेअर लिहिणारे वरच्या अंगाला, त्यांना 'अपस्ट्रीम' म्हणतात. मधे पाटकरी, म्हणजे पॅकेज सांभाळणारा मेंटेनर. आपण सगळे टेलला. वर नवी आवृत्ती आली की ती तपासून खाली सोडायची, हे पाटकऱ्याचं काम. डेबियनमध्ये त्यासाठी 'वॉच' नावाची छोटी फाइल असते. 'यूस्कॅन' हे साधन ती वाचून नवी आवृत्ती आल्याचं कळवतं, सहीसुद्धा तपासतं. सही करणाऱ्याची नियत मात्र त्याला कळत नाही.

इतिहासातल्या दोन घटना बघा.

2006 साली डेबियनच्या मेंटेनरने एका तपासणी-साधनाचे इशारे थांबवायला ओपनएसएसएलमधल्या दोन ओळी बंद केल्या. अपस्ट्रीमच्या मंडळींना विचारलंही होतं, कुणी ठाम 'नको' म्हटलं नाही. पण बदल मूळ कोडमध्ये गेलाच नाही, डेबियन आणि त्यावर बेतलेल्या प्रणालींपुरताच राहिला. परिणाम? एका प्रकारच्या आणि लांबीच्या जेमतेम 32,768 वेगवेगळ्या किल्ल्या तयार होऊ शकत होत्या. 13 मे 2008 ला हे जाहीर झालं. जगभर किल्ल्या बदलाव्या लागल्या.

2024 साली उलटं झालं. एक्सझेड हे फायली दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर एक माणूस बिनपगारी सांभाळत होता. 'जिया टॅन' नावाने कुणीतरी दोनेक वर्षं मदत करून विश्वास मिळवला आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. म्हणजे उगमातच विष. अँड्रेस फ्रॉइंड यांना लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्यांनी मुळापर्यंत जाऊन 29 मार्चला जगाला सांगितलं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते पाणी तोवर पोचलं नव्हतं, म्हणून निभावलं.

पहिली घटना सांगते, अपस्ट्रीमला सोडून जाऊ नका. दुसरी सांगते, डोळे मिटून मागे जाऊ नका. दोन्ही जमायला वेळ असलेली माणसं लागतात, आणि नेमकं तिथंच घोडं अडतं.

आपल्या सी-डॅकची 'बॉस' प्रणाली डेबियनवरच उभी आहे. तेव्हा हा प्रश्न परदेशातला नाही. फुकट सॉफ्टवेअरमुळे लायसन्सचे पैसे वाचले म्हणून सरकार पाठ थोपटून घेतं, ते ठीकच. माझं म्हणणं एवढंच, की त्या बचतीतला थोडा वाटा पाटकऱ्याच्या पगाराला लावा.