दगडावर कोरलेली विद्या

अंगमर्दन म्हणजे काय, हे शिकण्यासाठी मराठी माणसाला परदेशी जाण्याचे कारण नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे पाटावर बसवून आईने अंगात जिरविलेले तेल कोण विसरेल? तरीही गेल्या मे महिन्याच्या सुटीत बँकॉकला भाच्याकडे गेलो असता, "मामा, वाट फोला एकदा मालिश करून घ्याच," या त्याच्या आग्रहापुढे माझे काही चालले नाही.

वाट फो हे राजवाड्याच्या दक्षिणेचे बौद्ध मंदिर. पहुडलेल्या बुद्धाची 46 मीटर लांबीची मूर्ती येथलीच. आवारातल्या मालिशीच्या दालनात तेलाचा थेंब नव्हता. अंगात सैल कपडे, खाली गादी. साठीच्या एका बाईंनी डोळे मिटून हात जोडले आणि थेट माझ्या पावलांनाच हात घातला. मी चटकन पाय ओढून घेतले. वडीलधाऱ्या बाईने आपल्या पायांना हात लावायचा? शेजारच्या गादीवरून भाचा हसला. "मामा, ही विद्या पायांपासूनच सुरू होते. आणि नमस्कार तुम्हांला नव्हे, गुरूला!"

तो गुरू कोण, हे ऐकून मी चकित झालो. थाई लोक या विद्येचे जनकत्व जीवकाला देतात. तक्षशिलेत शिकलेला, बिंबिसाराची आणि बुद्धाची चिकित्सा करणारा राजगृहाचा वैद्य, तोच हा! त्यांच्या नाड्यांच्या नावांतही आपल्या इडा आणि पिंगला ओळखू येतात.

1767 साली ब्रह्मी सैन्याने अयुध्या ही थाई राजधानी उद्ध्वस्त केली, तेव्हा वैद्यकाचे पुष्कळ ग्रंथही नष्ट झाले. पुढे तिसऱ्या रामाने वाट फोचा जीर्णोद्धार करताना उरलेले ज्ञान गोळा करवून शिळांवर कोरविले. मंडपाच्या भिंतींवर मानवी देहाच्या आकृती आहेत. त्यांवर नाड्यांच्या रेषा आणि दाबावयाच्या जागा दाखविल्या आहेत. येणाऱ्याजाणाऱ्या कोणीही वाचावे, शिकावे! 1955 साली याच आवारात शिक्षणाची रीतसर शाळा निघाली. येथल्या 1,431 शिलालेखांना 2011 साली, आणि थाई मालिशीला 2019 साली, युनेस्कोने आपल्या जागतिक वारशाच्या याद्यांत स्थान दिले.

हे सारे मागाहून पाहिले. त्या गादीवर मात्र बाईंचा अंगठा पोटरीखाली एका जागी रुतला आणि माझे डोळे भरून आले. लहानपणी पायांत गोळे आले की आई नेमकी तेथेच दाबीत असे. बाळंतिणींना, तान्ह्या मुलांना तेल लावण्यासाठी तिला गावोगावची बोलावणी येत. कोणती शीर कोठे धरावी, हे तिच्या बोटांना ठाऊक होते. तिला अक्षर येत नव्हते. मला येत होते! शेकडो मुलांना मी लिहावयास शिकविले, कादंबऱ्या लिहिल्या. पण वही घेऊन आईजवळ एक दिवस बसलो नाही. एका राजाला दगड मिळाले, मला दोन आण्यांची वही मिळाली नाही. आई गेली, तिची विद्याही गेली.

अगदी सारी मात्र नव्हे. भाच्याची आई, माझी थोरली बहीण, आईच्या हाताखाली वावरलेली आहे. यंदा भाऊबीजेला ओवाळणीबरोबर एक कोरी वही घेऊन मी तिच्याकडे जाणार आहे. अक्का सांगेल, मी लिहीन.