गाडी, बोट आणि मधली रात्र

सेनगांव तालुक्यांतील गोरेगांव हें हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर भागांतलें, वऱ्हाडच्या शिवेकडचें गांव. येथून समुद्राकडे रेघ ओढूं गेल्यास गोदावरीचें खोरें, दख्खनचें पठार आणि शेवटीं सह्याद्रीची भिंत इतकें सर्व ओलांडावें लागतें. अशा गांवानें आगबोटीची उठाठेव कशाला करावी, असें कोणासही वाटेल. तथापि मराठवाड्याच्या जुन्या पिढींत असे कांहीं वृद्ध आढळत कीं, ज्यांनीं आयुष्यांत मुंबई एकदांच पाहिली, समुद्रही एकदांच पाहिला, आणि हीं दोन्ही दर्शनें त्यांना एकाच प्रवासांत घडलीं. हे वृद्ध बहुधा हाजी असत. बैलगाडी, आगगाडी, शहरांतला मुक्काम आणि समुद्रपर्यटन ही साखळी त्यांनीं पुरी केली होती, आणि तीही हौसेखातर नव्हे.

समुद्राची सफर, आगगाडीचा प्रवास आणि मोठ्या शहरांतील हॉटेलचा मुक्काम हे तीन पदार्थ एकाच ताटांत वाढून विकण्याची कल्पना आज नवी म्हणून मिरविते. वस्तुतः ती दीडशें वर्षांची जुनी आहे. तिचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे गाडीच्या वेगापेक्षां किंवा बोटीच्या डौलापेक्षां एक लहानशी गोष्ट अधिक लक्ष वेधते. ती म्हणजे त्या दोहोंमधला सांधा. गाडींतून उतरलेला मनुष्य बोटींत चढेपर्यंत कोठें निजला, काय जेवला, आणि त्याला कोणीं दारांत उभें केलें?

गोरेगांवच्या बाजूस प्रथम आगगाडीच नव्हती. जी. आय. पी. रेल्वे १८६७ सालीं नागपुरास पोहोंचली, तेव्हां या भागास जवळचें स्टेशन म्हणजे वऱ्हाडांतील अकोला. वाशीमवरून बैलगाडीनें तेथवर जावयाचें, हाच सोईचा मार्ग. पुढें निजामच्या राज्यांत सिकंदराबादपासून मनमाडपर्यंत गोदावरी खोऱ्याची रेल्वे झाली व १९०१ च्या सुमारास ती पुरी चालूं लागली. हिंगोली म्हणजे हैदराबाद कंटिंजंट फौजेची जुनी छावणी. परंतु छावणी असतांना तेथें रूळ आला नाहीं, आणि फौज मोडल्यावर, १९१२ सालीं, पूर्णा जंक्शनपासून फांटा निघून हिंगोलीस गाडी आली. सरकारी कामाचे मुहूर्त हे असेच असतात.

आतां हिंगोलीस गाडींत बसलेला मनुष्य मुंबईस पोहोंचेपर्यंत त्याला किती सांधे ओलांडावे लागत, तें पाहावें. पूर्णेस गाडी बदलावयाची. मनमाडास पुनः उतरावयाचें, कारण निजामची गाडी एक मीटर रुंदीच्या, म्हणजे सुमारें तीन फूट सवातीन इंचांच्या रुळांवरची, आणि जी. आय. पी. ची गाडी साडेपांच फुटांच्या. वळकटी, पेटी, पाण्याची सुरई, शिधा आणि मुलेंबाळें हें सर्व एका फलाटावरून दुसऱ्यावर न्यावयाचें. येथेंच राज्यही बदले आणि नाणेंही बदले. निजामचा हाली सिक्का ब्रिटिश मुलखांत चालत नसे. सुमारें सात हाली रुपये मोजावे तेव्हां सहा कलदार हातीं पडत. गांवीं जमिनीचा तुकडा गहाण टाकून गांठीस बांधलेली रक्कम मनमाडपलीकडे अशी आपोआप झिजे.

मुंबईस उतरल्यावर घड्याळही बदले. १९०५ सालापर्यंत रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले, आणि ती मुंबईच्या स्थानिक वेळेहून अर्ध्या तासानें पुढें असे. १९०६ पासून देशाची एकच प्रमाणवेळ ठरली, परंतु मुंबईच्या नागरिकांनीं ती मानण्याचें नाकारलें. म्युनिसिपालिटीनें मुंबईची जुनी वेळ तशीच चालूं ठेविली, ती थेट १९५५ सालापर्यंत. प्रमाणवेळ तिच्याहून एकोणचाळीस मिनिटांनीं पुढें. म्हणजे शहराचें घड्याळ पाहून निवांतपणें निघणाऱ्या मनुष्यास स्टेशनावर गाडीऐवजीं रिकामे रूळ दिसण्याचा संभव. मुंबईकरांच्या या हट्टांत स्वाभिमान होता हें खरें. परंतु त्याचा भुर्दंड परगांवच्या उतारूवर पडे, हेंही खरेंच.

मुंबई हें गाडी आणि बोट यांच्या भेटीचें ठिकाण बनलें तें अवघ्या चार महिन्यांत. १७ नोव्हेंबर १८६९ रोजीं सुएझचा कालवा खुला झाला आणि मार्च १८७० मध्यें जबलपुरास दोन रेल्वे मिळून मुंबई ते कलकत्ता सलग रूळ झाला. विलायतेहून येणारा साहेब मुंबईस उतरून गाडीनें देशभर जाऊं लागला, आणि त्याच्या मधल्या रात्रीची सोय ताबडतोब झाली. फोर्टांतील वॉटसनचें हॉटेल त्याच सुमारास उभें राहिलें. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडांत ओतून जहाजांतून मुंबईस आणला होता. म्हणजे उतारूंच्या आधीं हॉटेलानेंच समुद्रप्रवास केला, असें म्हणावयास हरकत नाहीं. अमेरिकन ग्रंथकार मार्क ट्वेन १८९६ च्या जानेवारींत कोलंबोहून बोटीनें आला तो याच हॉटेलांत उतरला, खिडकीशीं येणाऱ्या कावळ्यांचें वर्णन त्यानें आपल्या प्रवासग्रंथांत मोठ्या चवीनें केलें, आणि मग तो आगगाडीनें उत्तर हिंदुस्थानांत गेला. बोट, हॉटेल आणि गाडी यांचा मिलाफ याहून पूर्ण तो कोणता? त्याच वर्षीं ७ जुलै रोजीं याच इमारतींत ल्युमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें दाखविण्यांत आलीं. ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजीं उघडलें. वॉटसनच्या दारांत जमशेटजी टाटांस अडविलें म्हणून त्यांनीं ताज बांधिलें, ही कथा सर्वतोमुखीं आहे. इतिहासकार मात्र तिजवर फारसा विश्वास ठेवीत नाहींत.

पुढें बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरच रेल्वेचें स्टेशन झालें. विलायतेची टपालबोट धक्क्यास लागली कीं टपालाच्या थैल्या व पहिल्या वर्गाचे उतारू समोर उभ्या असलेल्या गाडींत चढत. १ सप्टेंबर १९२८ पासून सुरू झालेली फ्रॉंटिअर मेल बोटींच्या हंगामांत तेथूनच पेशावरकडे निघे. श्रोत्यांनीं लक्षांत घ्यावें कीं, गाडी आणि बोट यांचा हा सांधा इतका बेमालूम बसविला होता, तो मुख्यतः टपालासाठीं. थैलीस एक रात्रही खोळंबूं द्यावयाचें नाहीं, असा कटाक्ष. माणसांपैकीं ज्यांस थैलीचा मान मिळे, ते थोडे.

बाकीच्यांसाठीं एकदां एक प्रयोग झाला, आणि तो सांगण्यासारखा आहे. इंग्लंडांतील टॉमस कुक यानें १८६८ पासून हॉटेलच्या मुक्कामाचींही तिकिटें विकण्यास प्रारंभ केला होता. १८७२–७३ सालीं त्यानें कांहीं मंडळींस घेऊन २२२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली व त्या ओघांत हिंदुस्थानही दाखविला. आगाऊ पैसे भरावे आणि वाटेंत कोणाशीं हुज्जत घालावी लागूं नये, ही त्याची युक्ति. इकडे मुंबईंत हजच्या यात्रेकरूंचे हाल पराकोटीस गेले होते. दलाल त्यांस स्टेशनावरच गांठीत. बोट आज सुटेल, उद्यां सुटेल असें सांगून दिवस काढीत. बोटींत जागेपेक्षां अधिक माणसें कोंबीत. आणि परतीचें भाडें न उरलेले कित्येक गरीब लोक जेद्देस अडकून पडत. तेव्हां १८८६ सालीं हिंदुस्थान सरकारनें यात्रेची व्यवस्था कुकच्या कंपनीकडे सोंपविली. गांवाजवळच्या स्टेशनापासून जेद्देपर्यंत आणि परत असें एकच तिकीट मिळावें, ही योजना. युरोपांतील सधन लोकांसाठीं निघालेली युक्ति अशा रीतीनें दरिद्री यात्रेकरूच्या हातांत आली. परंतु व्यवहार तोट्याचा झाला. १८९३ सालीं तोटा भरून देण्यास सरकार तयार होईना, तेव्हां कंपनीनें अंग काढून घेतलें. दलाल होते तेथेंच होते.

मग मधल्या रात्रीचा प्रश्न कोणीं सोडविला? सरकारनें नव्हे आणि कंपनीनेंही नव्हे. तो दानशूर व्यापाऱ्यांनीं सोडविला. क्रॉफर्ड मार्केटजवळचा हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना हें त्याचें ठळक उदाहरण. बोरीबंदरावर उतरून सामान डोक्यावर घेऊन चालत जावें इतकाच तो दूर. हैदराबाद राज्यांतील खेड्यापाड्यांचे यात्रेकरू मुंबईच्या अशा मुसाफिरखान्यांत वळकटी पसरीत, परवाना मिळवीत, टोंचून घेत आणि बोटीची वाट पाहात. ही एक रात्र नसे. पुष्कळ वेळां आठवडे जात. १८९७ सालीं मुंबईंत प्लेग उसळला आणि सरकारनें त्या वर्षीं हजची यात्राच बंद केली. बोट मिळाली तरी तांबड्या समुद्रांतील कामरान बेटावर पुनः उतरून क्वारंटाइन भोगावें लागे. डेकवर स्वतःची चूल, स्वतःचें पीठ. ज्यांस आज क्रूझ म्हणतात तिचें हें गरिबाघरचें भावंड.

हिंदु गृहस्थाची अडचण निराळी होती. त्याला समुद्रच निषिद्ध. अपवाद रामेश्वराचा, कारण २४ फेब्रुवारी १९१४ रोजीं पांबनचा पूल खुला होईपर्यंत रेल्वे मंडपमला संपे, आणि पुढें बेटावर जाण्यास होडीच लागे. देवासाठीं केलेला एवढा समुद्र शास्त्रांस खपत असे. पूल झाल्यावर गाडी धनुष्कोडीपर्यंत जाऊं लागली आणि तेथून आगबोट सिलोनांतील तलैमन्नारला. या गाडीस लोक बोट मेल असेंच म्हणत.

विलायतेस जाणाऱ्या मराठी माणसापुढें मात्र निषेधाइतकाच जेवणाचा आणि निजण्याचा प्रश्न असे. १८८८ सालीं मोहनदास गांधी लंडनांत उतरले ते व्हिक्टोरिया हॉटेलांत; तेथें तीन पौंडांचें बिल झालें आणि पोट तें रिकामेंच राहिलें, असें त्यांनीं आत्मकथेंत नमूद केलें आहे. मुंबईंत अशा पाहुण्यास दिलासा देणारें ठिकाण म्हणजे क्रॉफर्ड मार्केटाशेजारचें सरदारगृह. वॉटसन किंवा ताज येथील काट्याचमच्यांचा धाक जेथें नाहीं, ओळखीचें अन्न मिळतें आणि चार माणसें भेटावयास येऊं शकतात, असें हें मराठी वळणाचें हॉटेल. लोकमान्य टिळक मुंबईंत आले म्हणजे येथेंच उतरत.

टिळकांची विलायतवारी ही तर गाडी आणि बोट यांचा सांधा तुटल्याची कहाणीच होय. १९१८ च्या मार्चअखेर होमरूलच्या शिष्टमंडळासह ते मुंबईहून मद्रासेस व तेथून कोलंबोस गेले. बरोबर अमरावतीचे दादासाहेब खापर्डे, नरसिंह चिंतामण केळकर, करंदीकर आणि बिपिनचंद्र पाल. म्हणजे गोरेगांवास शेजारच्या वऱ्हाडांतला पुढारीही त्यांत होता. कोलंबोस पोहोंचल्यावर सरकारनें त्यांची पारपत्रें रद्द केलीं. स्वागतसमारंभांसह गाडीचा प्रवास झाला, बोटीची वेळ आली आणि वाट खुंटली. आल्या पावलीं मंडळी परतली. पुढें चिरोलवरील खटल्यासाठीं त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत टिळकांस मुंबईहून जातां आलें. ३० ऑक्टोबर रोजीं ते लंडनास पोहोंचले. तेथें त्यांचें बिऱ्हाड हौले प्लेस येथील १० क्रमांकाच्या घरांत होतें. नोव्हेंबर १९१९ मध्यें ते परतले आणि १ ऑगस्ट १९२० रोजीं त्याच सरदारगृहांत त्यांचा अंत झाला. पाहुण्यांच्या खोल्या भाड्यानें देणारी ती वास्तु त्या दिवसापासून तीर्थस्थान होऊन बसली.

एक गोष्ट येथें मुद्दाम नमूद केली पाहिजे. सरदारगृह आणि हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना हीं एकमेकांपासून हांकेच्या अंतरावर आहेत. दोन्हींकडे येणारे लोक बहुधा बोरीबंदरावरूनच येत. एका दारांत लोकमान्यांस भेटावयास आलेले गृहस्थ आणि दुसऱ्यांत जेद्देच्या बोटीची वाट पाहणारा मराठवाड्याचा शेतकरी. दोघांसही बॅलार्ड पिअरवरील टपालाच्या गाडीचा उपयोग नव्हता.

यांतील पुष्कळ सांधे आज राहिले नाहींत. बॅलार्ड पिअरचें रेल्वेस्टेशन गेलें. धनुष्कोडी १९६४ च्या डिसेंबरांतील वादळानें समुद्रार्पण केली, आणि तिजबरोबर बोट मेलचा अर्थही गेला. मुंबईहून हजला जाणारी बोट १९९५ मध्यें थांबली. हाली सिक्का गेला, मुंबईची वेळ गेली, मराठवाड्यांतील लहान रुळांच्या जागीं मोठे रूळ आले. १९१२ सालीं फांट्याच्या टोंकाशीं असलेली हिंगोली स्वातंत्र्योत्तर काळांत अकोल्याशीं जोडली गेली, आणि २०२४ च्या मार्चपासून जालन्याची जनशताब्दी हिंगोलीपर्यंत येऊं लागली. त्यामुळें गोरेगांवच्या माणसास आतां मनमाडास वळकटी उतरावी लागत नाहीं. इकडे मुंबई बंदरांत पर्यटनबोटींसाठीं मोठें नवें टर्मिनल झालें असून २०२५ च्या सप्टेंबरांत त्याचें उद्घाटन झालें. तें याच बॅलार्ड पिअरच्या बाजूस आहे.

स्टेशनापासून धक्क्याचें अंतर पूर्वींइतकेंच, सुमारें एक मैल. तेथवर जाणारा रूळ मात्र आतां नाहीं. हिंगोलीहून आलेल्या उतारूनें तेवढें अंतर टॅक्सीनें किंवा पायीं तोडावयाचें, आणि बोट दुसऱ्या दिवशीं सुटणारी असली, तर रात्रीपुरत्या खोलीची चौकशी करावयाची.