लवासा

लवासा : पुणे जिल्ह्याच्या मुळशी व वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतील, खासगी कंपनीने वसवायला घेतलेले गिरिस्थान. पुण्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या मोसे खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी ते आहे. पुण्याहून चांदणी चौक, पिरंगुट व मुठा गावावरून टेमघर धरणाच्या कडेने घाट चढून येथे पोहोचता येते. हे नाव कोणत्याही जुन्या गावाचे नाही. या जमिनीवर दासवे, मुगाव, धामणओहोळ, पडळघर, भोईणी अशी गावे पूर्वीपासून आहेत.

मोसे खोरे शिवकाळात पासलकर देशमुखांचे. वरसगावच्या जलाशयाला याच घराण्यातील वीर बाजी पासलकरांचे नाव दिले आहे. खोऱ्यात भात व नाचणीची डोंगरउताराची शेती होते. वस्ती मराठा, धनगर व कातकरी समाजांची आहे. जमीन, पाणी आणि बाहेरचे भांडवल यांचा तंटा मुळशी तालुक्याला नवा नाही. 1921 साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखालील मुळशी सत्याग्रह याच तालुक्यात झाला.

महाबळेश्वर व माथेरान ही थंड हवेची ठिकाणे इंग्रजी अमलात एकोणिसाव्या शतकात उभी राहिली. पुढे ती नगरपालिकांच्या हाती गेली. खानदेशातील तोरणमाळसारखी ठिकाणे लहानच राहिली. नवी गिरिस्थाने खासगी भांडवलाने उभी राहावीत म्हणून राज्य शासनाने 1996 मध्ये विशेष विकास नियम केले. त्यांचा आधार घेऊन 1 जून 2001 रोजी मुळशी व वेल्हे तालुक्यांतील 18 गावांचे क्षेत्र गिरिस्थानासाठी अधिसूचित झाले. प्रकल्प राबवणारी कंपनी सुरुवातीला पर्ली ब्लू लेक रिसॉर्ट्स, मग लेक सिटी कॉर्पोरेशन आणि शेवटी लवासा कॉर्पोरेशन या नावाने ओळखली गेली. अजित गुलाबचंद यांची हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी (एचसीसी) ही तिची मुख्य भागधारक होती.

आराखडा अमेरिकेतील एचओके या संस्थेने केला. सुमारे 10,000 हेक्टरांच्या खोऱ्यात टप्प्याटप्प्याने अनेक उपनगरे वसवायची, असा बेत होता. पहिला मान दासव्याला मिळाला. त्यानंतर मुगावचे काम हाती घेतले गेले. दासव्याचा चेहरा इटलीतील पोर्तोफिनो या बंदरगावावर बेतलेला आहे. छोट्या तळ्याच्या काठाने पिवळ्या, विटकरी व गेरूच्या रंगांच्या इमारतींची ओळ, तळाशी कमानी, कमानींत दुकाने व उपाहारगृहे, पुढे फरसबंद पायवाट आणि मागच्या उतारावर उतरत्या छपरांचे बंगले, अशी ही रचना आहे.

उत्तर अमेरिकेतील स्कीच्या काही गावांत घसरपट्टी आणि पाळणे यांच्यापेक्षा पायथ्याची घरे विकूनच कंपन्या मोठा पैसा उभा करतात. लवाशाचा हिशेब त्याच जातीचा होता. बर्फाच्या जागी येथे जलाशय, धुके आणि पावसाळा होता. कंपनीने आधी रस्ता, वीज, पाणी, हॉटेल व सभागृह उभे करायचे, त्याच्या जोरावर मुंबई-पुण्याच्या ग्राहकांना सेकंड होम विकायचे आणि त्या बुकिंगच्या व कर्जाच्या पैशातून पुढचे गाव बांधायचे, असे हे चक्र. घरे व प्लॉट प्रामुख्याने 999 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले. जून 2008 मध्ये शासनाने कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा दिला. त्यामुळे जी कंपनी इमारती बांधणार, तिच्याच यंत्रणेकडे बांधकाम परवानगीचे अधिकार आले. निवडून आलेली नगरपालिका येथे कधीच नव्हती.

वाद तीन बाजूंनी उभे राहिले. पहिला जमिनीचा. सीलिंग कायद्याखाली भूमिहीनांना दिलेल्या जमिनी प्रकल्पात कशा आल्या, व्यवहार करताना आदिवासी व धनगर कुटुंबांची फसवणूक झाली का, हे प्रश्न मेधा पाटकर व जनआंदोलनांच्या राष्ट्रीय समन्वयाने लावून धरले. कंपनीने आरोप नाकारले. दुसरा पाण्याचा. वरसगावची साठवणक्षमता सुमारे 12.8 अब्ज घनफूट आहे. टेमघर, पानशेत व खडकवासला यांच्यासह चार धरणांच्या साखळीत ती सर्वांत मोठी. पुणे शहराचे पिण्याचे पाणी आणि दौंड-इंदापूरकडच्या कालव्याचे आवर्तन याच साखळीवर चालते. त्यामुळे जलाशयाच्या वरच्या अंगाला बंधारे बांधून नगर वसवण्यास खोऱ्याबाहेरूनही हरकत आली.

तिसरा वाद पर्यावरणाचा, आणि काम थांबले ते त्यामुळेच. कंपनीकडे 2004 मध्ये राज्याच्या पर्यावरण विभागाने दिलेली परवानगी होती. केंद्राची मंजुरी नव्हती. जवळजवळ सर्व जमीन 1,000 मीटरच्या खाली असल्याने ती लागत नाही, असा कंपनीचा दावा होता. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला तो मान्य झाला नाही. जयराम रमेश मंत्री असताना 25 नोव्हेंबर 2010 रोजी नोटीस निघाली व बांधकाम बंद पडले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. राज्य शासनाने पर्यावरण कायद्याच्या भंगाबद्दल खटला दाखल केल्यानंतर 9 नोव्हेंबर 2011 रोजी पहिल्या टप्प्याच्या 2,000 हेक्टरांना अटींसह मंजुरी मिळाली.

एक वर्ष बांधकाम थांबणे साध्या गृहप्रकल्पाला कदाचित झेपले असते. येथे विक्री थांबली की कर्जफेड थांबते आणि कर्जफेड थांबली की रस्ते-दिवे यांचा खर्चही अडतो. शेअर बाजारातून भांडवल उभारण्यासाठी सप्टेंबर 2010 मध्ये केलेला सुमारे 2,000 कोटी रुपयांचा प्रस्ताव बारगळला. 2014 मधील नवा प्रयत्नही तडीस गेला नाही. 2017 मध्ये नियोजनाचे अधिकार काढून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिले गेले. ऑगस्ट 2018 मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. तीत मान्य झालेले दावे सुमारे 6,642 कोटी रुपयांचे होते; दावा मान्य झालेल्या घरखरेदीदारांची संख्या 837 होती. जुलै 2023 मध्ये डार्विन प्लॅटफॉर्म समूहाची 1,814 कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. ती ठरल्याप्रमाणे अमलात न आल्याने धनकोंना पुन्हा न्यायाधिकरणाचे दार ठोठावावे लागले. प्रकल्पाच्या मंजुऱ्यांना आव्हान देणारी जनहित याचिका उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये, ती फार उशिरा दाखल झाल्याचे कारण देऊन निकाली काढली. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅली या सहारा समूहाच्या वसाहतीवरही वसुलीचीच पाळी आली. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या जप्तीचा आदेश दिला.

आज दासव्यातील काही हॉटेले, तळ्याकाठची काही दुकाने आणि ख्राइस्ट विद्यापीठाचे संकुल चालू आहे. विद्यार्थ्यांमुळे आठवड्याच्या मधल्या दिवसांतही गावात वर्दळ असते. शनिवार-रविवारी, विशेषतः पावसाळ्यात, पर्यटकांची गर्दी होते. रंगीत ओळीच्या मागे मात्र अनेक इमारतींचे सांगाडे स्लॅब पडून राहिलेल्या अवस्थेत असून त्यांच्या उघड्या सळया गंजल्या आहेत. डोंगरउतार कापलेल्या भागाला अतिवृष्टीत दरडींचा धोका आहे. जुलै 2024 च्या पावसात दरड बंगल्यांवर कोसळली होती.

महाराष्ट्राच्या सह्याद्रीत नगरे पूर्वीही वसली. पण नगर म्हणजेच कंपनी हा प्रयोग एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रथम येथे झाला. कंपनी अडचणीत येताच घराचा ताबा, रस्त्याची डागडुजी, कचरा आणि दरडीचा बंदोबस्त ही सगळी कामे एकाच वेळी अडली, कारण त्यांची जबाबदारी घेणारी दुसरी स्थानिक संस्था नव्हती. मूळ गावांच्या ग्रामपंचायती जुन्याच अधिकारांवर व तुटपुंज्या उत्पन्नावर चालत राहिल्या. त्यामुळे लवाशाच्या भवितव्याची चर्चा नवा खरेदीदार कोण येतो यापुरती ठेवून भागत नाही. नगराचा कारभार कोण पाहणार, हे आधी ठरावे लागते.