तटस्थतेकडून युद्धाकडे : पोर्तुगालचे धोरण आणि मुरगाव बंदर (इ.स. १९१४ ते १९४५)

प्रस्तावना :

एखादे राष्ट्र युद्धात उतरल्याची तारीख इतिहासात ठळकपणे नोंदवलेली असते. परंतु तटस्थ राष्ट्र युद्धात ओढले जाण्याची प्रक्रिया त्या तारखेच्या पुष्कळ आधी सुरू झालेली असते. जुना मैत्रीचा तह, बंदरात आश्रयास आलेली परकी जहाजे, युद्धोपयोगी मालाचा व्यापार आणि दूरच्या वसाहतींचे रक्षण अशा कारणांनी तटस्थतेचे क्षेत्र हळूहळू आकुंचित होत जाते. मराठी अभ्यासकास या प्रक्रियेचे जवळचे उदाहरण म्हणजे पोर्तुगाल आणि त्याच्या अमलाखालील गोवा होय. गोव्यातील मुरगाव बंदर कॅसलरॉक, हुबळी, गदग व विजापूरमार्गे थेट सोलापूर जिल्ह्यातील होटगीपर्यंत लोहमार्गाने जोडलेले होते. दोन्ही महायुद्धांत या बंदरात जर्मन जहाजे अडकून पडली. परंतु दोन्ही वेळचे परिणाम भिन्न झाले. या भिन्नतेची कारणे शोधणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पहिले महायुद्ध : राज्याने स्वतः उचललेले पाऊल

इंग्लंड व पोर्तुगाल यांच्या मैत्रीचा आरंभ इ.स. १३७३ च्या तहापासून होतो. ऑगस्ट १९१४ मध्ये पोर्तुगालने या मैत्रीस अनुसरून इंग्लंडविषयी आपली बांधिलकी व्यक्त केली; मात्र युद्ध पुकारले नाही व औपचारिक तटस्थताही जाहीर केली नाही. ही संदिग्ध स्थिती फार काळ टिकणारी नव्हती. आफ्रिकेत अंगोला व मोझांबिक या पोर्तुगीज वसाहतींच्या सीमा जर्मन वसाहतींना भिडलेल्या होत्या. तेथे १९१४ मध्येच, युद्धाची घोषणा झालेली नसताना, दोन्ही सैन्यांत चकमकी झडल्या.

निर्णायक प्रश्न ठरला तो जहाजांचा. पोर्तुगालच्या व त्याच्या वसाहतींच्या बंदरांत अनेक जर्मन व्यापारी जहाजे आश्रय घेऊन होती. पाणबुड्यांच्या हल्ल्यांमुळे इंग्लंडला जहाजांची तीव्र टंचाई भासू लागली होती. इंग्लंडच्या मागणीवरून पोर्तुगालने फेब्रुवारी १९१६ मध्ये ही जहाजे ताब्यात घेतली. त्यांत मुरगावातील जहाजांचाही समावेश होता. ९ मार्च १९१६ रोजी जर्मनीने पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारले. पुढे पोर्तुगीज सैन्य फ्रान्सच्या आघाडीवर गेले आणि एप्रिल १९१८ मधील लीसच्या लढाईत त्याची मोठी हानी झाली. तटस्थतेचा शेवट येथे क्रमाक्रमाने झाला असला, तरी शेवटचे पाऊल पोर्तुगालच्या शासनाने स्वतः उचलले होते.

दुसरे महायुद्ध : तटस्थतेची कसोटी

सप्टेंबर १९३९ मध्ये सालाझार यांच्या शासनाने आरंभीच तटस्थता जाहीर केली. इंग्लंडशी असलेला तह मात्र कायम ठेवला. पोर्तुगालमधील वुल्फ्राम, म्हणजे टंगस्टनचे खनिज, दोन्ही पक्षांना हवे होते व ते दोन्ही पक्षांना विकले गेले. जून १९४४ मध्ये मित्रराष्ट्रांच्या दडपणामुळे ही निर्यात बंद करावी लागली.

वसाहतींत तटस्थतेची मर्यादा अधिक लवकर उघड झाली. डिसेंबर १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन व डच सैन्य पोर्तुगीज तिमोरमध्ये उतरले. सालाझार यांनी निषेध केला. परंतु त्यास परतवून लावण्याचे सामर्थ्य त्यांच्यापाशी नव्हते. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानने तिमोरवर आक्रमण केले. ऑगस्ट १९४३ मध्ये जुन्या तहाचा आधार घेऊन इंग्लंडने अझोर्स बेटांवर तळ मिळवले. म्हणजे युद्धाची घोषणा न करताच पोर्तुगालची भूमी युद्धाच्या उपयोगात आली.

मुरगावची घटना (९ मार्च १९४३)

युद्धारंभी 'एरेनफेल्स', 'ड्राखेनफेल्स' व 'ब्राउनफेल्स' ही तीन जर्मन व्यापारी जहाजे मुरगाव बंदरात आश्रयास आली. १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर 'आन्फोरा' हे इटालियन जहाजही तेथेच राहिले. १९०७ च्या हेग करारानुसार तटस्थ बंदरात युद्धमान राष्ट्राने नाविक तळ उभारणे किंवा आपल्या सैन्याशी संपर्क साधणारे बिनतारी केंद्र चालविणे निषिद्ध होते. 'एरेनफेल्स'वरील गुप्त यंत्राद्वारे जर्मन पाणबुड्यांना माहिती पुरविली जाते, असा ब्रिटिशांचा समज होता. परंतु तटस्थ बंदरात शिरून शत्रूची जहाजे ताब्यात घेणे हाही त्याच कराराचा भंग होता.

या अडचणीतून काढलेला मार्ग लक्षणीय आहे. नियमित सैन्याऐवजी 'कलकत्ता लाइट हॉर्स' व 'कलकत्ता स्कॉटिश' या स्वयंसेवक पलटणींतील मोजक्या व्यक्तींची निवड झाली. त्यांतील बहुतेक जण कलकत्त्यातील व्यावसायिक होते. 'फीबी' नावाच्या गाळवाहू बार्जमधून ते मुरगावात आले व ९ मार्चच्या रात्री त्यांनी 'एरेनफेल्स'वर चढाई केली. या झटापटीत जहाजाचा कप्तान व काही खलाशी मृत्युमुखी पडले. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून चारही जहाजे त्यांच्याच खलाशांनी पेटवून दिली व बुडविली. ज्या तारखेला १९१६ मध्ये जर्मनीने पोर्तुगालविरुद्ध युद्ध पुकारले होते, तीच ही तारीख होती. मोहिमेची हकिकत १९७८ मध्ये जेम्स लीझर यांच्या पुस्तकातून सर्वांसमोर आली. तिच्यामुळे हिंदी महासागरातील जहाजांची हानी एकदम घटली, हा दावा मात्र सावधपणे स्वीकारावा लागतो. कारण त्या सुमारास तेथील जर्मन पाणबुड्यांचा वावर मुख्यत्वे दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत होता.

या घटनेनंतर सातच महिन्यांनी, ऑक्टोबर १९४३ मध्ये, याच बंदरात 'तेइया मारू' व 'ग्रिप्सहोम' या जहाजांवरील जपानी व अमेरिकी नागरिकांची अदलाबदल झाली. प्रत्येक बाजूस १,३०० हून अधिक लोक होते. ज्या तटस्थतेचा मार्चमध्ये भंग झाला होता, तीच तटस्थता ऑक्टोबरमध्ये युद्धमान राष्ट्रांना आवश्यक वाटली.

गोमंतकीय जनता आणि तटस्थता

तटस्थता लिस्बनमध्ये जाहीर झाली. ती गोमंतकीयांना विचारून ठरलेली नव्हती. १९३० च्या वसाहत कायद्याने वसाहतींचा कारभार लिस्बनच्या अधिकच अधीन केला होता. दैनंदिन जीवनात तर तटस्थतेला फारसा अर्थ उरला नव्हता. मुंबईत गावोगावच्या कुडांत राहणारे असंख्य गोमंतकीय ब्रिटिश जहाजांवर खलाशी, आचारी व वाढपी म्हणून काम करीत. पाणबुडीचा धोका त्यांनाही तितकाच होता. गोव्याला स्वतःचे धान्य पुरत नसे; १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर तेथील तांदूळ बंद झाला आणि तटस्थ गोव्यालाही युद्धकालीन टंचाई सोसावी लागली.

निष्कर्ष :

१) तटस्थतेचा ऱ्हास एका निर्णयाने होत नाही, तह, व्यापार, बंदरे व वसाहती या मार्गांनी तो टप्प्याटप्प्याने होतो.

२) १९१६ मध्ये पोर्तुगालने स्वतः जहाजे ताब्यात घेतल्यामुळे तो युद्धात ओढला गेला. १९४३ मध्ये त्याच्या बंदरात इतरांनी युद्ध केले, तरी तो कागदोपत्री तटस्थच राहिला. म्हणून केवळ घोषणेच्या तारखेवरून युद्धसहभागाचे मोजमाप करणे अपुरे ठरते.

३) तटस्थता टिकते ती तिचे रक्षण करण्याच्या सामर्थ्यावर, अथवा ती कायम राहण्यात युद्धमान राष्ट्रांचे हित असेल तोवर.

४) पराधीन जनतेच्या दृष्टीने तटस्थता व युद्ध हे दोन्ही इतरांचे निर्णय असतात. त्यांचे परिणाम मात्र तिलाच भोगावे लागतात. महायुद्धांचा इतिहास लिहिताना राजधानीतील घोषणांबरोबर बंदरातील, जहाजावरील आणि शिधा मिळविण्यासाठी झगडणाऱ्या माणसाचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे ठरते.