अठरा अंगठे

१९७८च्या हिवाळ्यात आन्हुई प्रांतातल्या श्याओगांग गावात अठरा शेतकऱ्यांनी एका कागदावर अंगठे उठवले. सामुदायिक जमीन गुपचूप वाटून घ्यायची, सरकारी कोटा भरायचा, उरलेलं धान्य ज्याचं त्याचं. पुढचं कलम मला जास्त बोलकं वाटतं: यापायी गावच्या पुढाऱ्यांना तुरुंगात जावं लागलं, तर त्यांची मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत इतरांनी सांभाळायची. भीक मागायला बाहेर पडणाऱ्यांसाठीच हा भाग प्रसिद्ध होता, त्यामुळे गमावण्यासारखं फार काही नव्हतंच.

पुढच्या वर्षी पीक कित्येक पटींनी वाढलं. प्रांताचे पक्षप्रमुख वान ली यांनी असल्या प्रयोगांना अभय दिलं आणि काही वर्षांत देशभरचे कम्यून मोडले.

आम्हा इंजिनिअर मंडळींना चीन म्हटलं की शेंझेनच्या फॅक्टऱ्या आठवतात. पण सुबत्तेची सुरुवात शेतात झाली. सत्तरच्या दशकात लग्नाळू मुलाकडे सायकल, घड्याळ, शिलाई मशीन असलं की झालं. पुढच्या दशकात रंगीत टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन लागायला लागलं. १९५५ पासून चालत आलेली धान्याची कुपनं १९९३मध्ये बंद झाली.

आता पुढे काय? २०२१मध्ये एव्हरग्रांड बुडीत निघाली, २०२२ पासून लोकसंख्या घटते आहे, हे सगळं खरंच. मला मात्र जुनाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: पिकवणाऱ्याच्या हातात उरतं किती? चीनच्या जीडीपीत घरगुती खर्चाचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास आहे. आपल्याकडे तो ६०च्या घरात जातो. माणसं कंजूष आहेत म्हणून नव्हे. गावाकडच्या म्हाताऱ्याला महिना दोनशे युआनच्या आसपास पेन्शन मिळते, मग घरचे पैसे साठवणार नाहीत तर काय करतील? इलेक्ट्रिक गाड्यांचे आणखी दहा कारखाने काढून हे बदलणार नाही. पेन्शन वाढवून बदलेल, आणि हुकोऊ सैल करून.

हुकोऊ म्हणजे १९५८ची कुटुंबनोंदणी. जन्मगावाची नोंद माणसाला चिकटून राहते. आज सुमारे ३० कोटी कामगार गावाकडची नोंद घेऊन शेतीबाहेरच्या कामांवर राबतात, त्यातले बरेच परमुलखात. बीजिंगमध्ये वाढलेल्या त्यांच्या मुलांना कॉलेजप्रवेशाची परीक्षा द्यायला अजूनही बहुधा आपल्या प्रांतातच परतावं लागतं.