वहीतून खोडलेली नावं

आज जरा लांबची गोष्ट सांगणार आहे, जर्मनीची. हिटलरचं नाव आपण शाळेत ऐकलंय. युद्ध, छळछावण्या, ज्यूंची कत्तल, हे पुस्तकात असतं. पण त्याच्या राज्यात बारा-पंधरा वर्षांच्या पोरापोरींच्या गटांचं काय झालं, हे मी बी.ए. करूनही कधी वाचलं नव्हतं. नंतर वाचनात आलं, आणि गटांचं काम करणारी बाई म्हणून ते डोक्यातून जाईना.

जर्मनीत तेव्हा मुलांचे गट गावोगावी होते. १९०१ साली बर्लिनजवळ त्यातला एक मोठा प्रवाह सुरू झाला, नाव ‘वांडरफोगेल’, म्हणजे भटके पक्षी. रविवारी पाठीला पिशवी लावायची, डोंगरात जायचं, शेकोटी पेटवून गिटारवर गायचं. म्होरक्याही त्यांच्यातलाच, चार-दोन वर्षांनी मोठा. पुढे चर्चचे गट झाले, कामगार पक्षांचे झाले, कुठल्याच पक्षाचे नसलेलेही झाले.

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. त्याची स्वतःची मुलांची संघटना, ‘हिटलर यूथ’, तेव्हा साधारण एक लाखाची होती. बाकी लाखो मुलं दुसरीकडे होती. मग एप्रिलमध्ये या हिटलर यूथची पन्नासेक पोरं बर्लिनमध्ये एका ऑफिसात घुसली. देशभरातल्या तरुणांच्या संघटनांची जी सामाईक समिती होती, तिचं हे ऑफिस. ते ताब्यात आलं, म्हणजे कुठल्या संघटनेत किती मुलं आहेत, कोण चालवतं, हे सगळे कागद हातात आले. गट चालवणाऱ्या बाईला विचारा, सदस्यांची यादी आणि इतिवृत्ताची वही दुसऱ्याच्या हातात गेली तर मागे काय उरतं.

जूनमध्ये बाल्डुर फॉन शिराख नावाचा माणूस साऱ्या देशाच्या युवकांचा प्रमुख नेमला गेला. आल्या आल्या त्यानं स्वतंत्र गटांचा मोठा संघ बरखास्त केला. डिसेंबरात प्रोटेस्टंट चर्चच्या प्रमुख बिशपनं सही करून चर्चची मुलं हिटलर यूथला देऊन टाकली. मुलांना कुणी विचारलंही नाही. वर्ष संपताना हिटलर यूथ वीस लाखांच्या वर गेली होती.

कॅथलिक गटांना मात्र लगेच हात लावता येईना, कारण पोपशी करार झाला होता. तिथं दुसरी रीत वापरली. १९३५ मध्ये हुकूम निघाला की या गटांनी गणवेश घालायचा नाही, झेंडा मिरवायचा नाही, सहली काढायच्या नाहीत, खेळ घ्यायचे नाहीत. फक्त प्रार्थना करायची. आता सांगा, चौदा वर्षांचं पोर तिथं किती दिवस टिकेल?

सगळं जबरदस्तीनंच झालं असं मात्र नाही, हेही सांगायला हवं. कितीतरी मुलं आनंदानं गेली. मुलींची वेगळी शाखा होती. घरकामातून सुटून शिबिराला जायला मिळतंय, याचंच अनेकींना अप्रूप होतं. मुलगी असल्यामुळे कुठेच जाऊ न दिलेल्या पोरीला ते का आवडलं असेल, हे आपल्याला कळतं. शिवाय १९३४ पासून एक युक्ती केली होती. शनिवारी हिटलर यूथच्या मुलांना शाळेला सुट्टी आणि बाकीच्यांनी वर्गात बसायचं. रिकाम्या बाकांमध्ये आपलं एकटं लेकरू बसलेलं पाहून आईचा जीव काय म्हणत असेल! १९३६ मध्ये कायदा आला. १९३९ मध्ये दहा ते अठरा वयाला सक्ती झाली, आणि नाव न नोंदवणाऱ्या पालकाला दीडशे मार्क दंड किंवा कैद.

तरी काही जण गेले नाहीत. सारब्रुकेन शहरात विली ग्राफ नावाचा मुलगा होता, कॅथलिक गटातला. त्याच्याकडे मित्रांची नावं लिहिलेली वही होती. जो मित्र हिटलर यूथमध्ये गेला, त्याचं नाव तो वहीतून खोडायचा. पानंच्या पानं खोडली गेली असतील. बंदी असलेल्या गटात राहिला म्हणून १९३८ मध्ये त्याला अटक झाली, मग सुटला. पुढे म्युनिकला शिकताना तो ‘व्हाइट रोझ’ या विद्यार्थ्यांच्या गटात आला. हिटलरविरुद्ध पत्रकं छापून वाटणारे हे विद्यार्थी. ऑक्टोबर १९४३ मध्ये त्याचा शिरच्छेद केला. पंचवीस वर्षांचा होता.

विली शिकलेल्या घरचा. कोलोन शहर आणि आसपासच्या कारखान्यांच्या पट्ट्यातली मुलं वेगळी होती. चौदाव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागलेली, मजुरांची. दिवसभर कारखाना, आणि सुटल्यावर हिटलर यूथची कवायत. ती चुकवून ही मुलं बागेत जमायची, रविवारी डोंगरात पळायची. सरकारी गाण्यांत स्वतःचे शब्द घालायची. हिटलर यूथचं गस्ती पथक आलं की मारामारी. कॉलरखाली एडेलवाइस नावाच्या डोंगरफुलाचा बिल्ला असायचा, म्हणून त्यांना ‘एडेलवाइस चाचे’ म्हणू लागले. चाचे म्हणजे समुद्रावरचे लुटारू. हिटलर यूथमध्ये मुलं-मुली वेगवेगळी ठेवत. इथं मात्र मुली बरोबरीनं असायच्या, आणि याचाच पोलिसांना जास्त राग होता असं मला वाटतं.

त्यातली एक गेर्ट्रूड कोख. सगळे तिला ‘मुकी’ म्हणत. वडील कम्युनिस्ट, ते छळछावणीत गेले. मुकीनं मुलींच्या शाखेत जायला साफ नकार दिला. गटाबरोबर ती गिटार घेऊन भटकायची, भिंतींवर घोषणा लिहायची, पत्रकं टाकायची. गेस्टापोनं, म्हणजे गुप्त पोलिसांनी, तिला पकडून ब्राउवायलरच्या तुरुंगात ठेवलं, मारहाण केली. डिसेंबर १९४२ मध्ये तर त्या पट्ट्यातल्या शहरांत एका धाडीत अठ्ठावीस गटांची सातशेहून जास्त मुलं धरली.

१० नोव्हेंबर १९४४ रोजी कोलोनच्या एरेनफेल्ड भागात, रेल्वेच्या पुलाजवळ, तेरा जणांना भरदिवसा लोकांसमोर फाशी दिली. खटला नाही, काही नाही. त्यात पोरंही होती. बार्थोलोमाउस शिंक सोळा वर्षांचा. हा गट साधा गाणी म्हणणारा उरला नव्हता, हे खरं. छावणीतून पळालेला एक जण त्यांचा म्होरक्या होता. त्यांनी अन्न चोरलं, पळून आलेल्यांना लपवलं, बंदुका मिळवल्या, गोळ्या झाडल्या आणि माणसंही मेली. इतिहासकार अजून यावर वाद घालतात.

पण वादाची किंमत घरच्यांनी मोजली. युद्ध संपलं, हिटलर गेला, तरी सरकारी कागदावर ही पोरं गुन्हेगारच राहिली. नातेवाइकांनी अर्ज केले, ते फेटाळले गेले. पुरावा कशाचा धरला, तर गेस्टापोच्याच कागदांचा! इस्राएलमधल्या याद वाशेम या स्मारक संस्थेनं १९८४ मध्ये ज्यूंना मदत केल्याबद्दल बार्थोलोमाउसचा गौरव केला, तरी कोलोनमधली नोंद बदलायला २००५ उजाडलं. फाशीनंतर साठहून जास्त वर्षांनी.

मुकीला आणि तिच्या चार साथीदारांना २०११ मध्ये जर्मनीचा सरकारी सन्मान मिळाला. तेव्हा ती शहाऐंशी वर्षांची होती. २०१६ मध्ये ती गेली, कोलोनमध्येच.